तान्ह्या बाळाला घेऊन विमानप्रवास: आईबाबा आणि आजीआजोबांचे नेहमीचे प्रश्न

माझी दोन्ही मुलं वर्षाची व्हायच्या आत विमानात बसली. थोरलीच्या वेळी बॅगेत काय काय भरायचं याची यादी मी आठ दिवस आधीपासून करत होते. पण विमानात बाळाला धरायचं कसं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मांडीवर घ्यायचं, त्यात काय विचारायचं, असंच वाटत होतं. आता सोसायटीतल्या, नात्यातल्या कितीतरी जणी निघायच्या आधी फोन करतात आणि बहुतेक प्रश्न दूध, डायपर आणि रडणं यांचे असतात. त्यांची उत्तरं खाली आहेतच. माझा जीव मात्र अडकलेला असतो तो पट्ट्यात, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे. बाळाला काही आजार असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द शेवटचा.

किती दिवसांच्या बाळाला विमानात नेता येतं?

कंपनीचा नियम वेगळा आणि बाळाच्या अंगाला सोसणं वेगळं. काही कंपन्या जन्मानंतर तीन-चार दिवसांनीही बाळाला घेतात, काही सात किंवा चौदा दिवस थांबायला सांगतात, आणि फारच लहान बाळ असेल तर डॉक्टरांचं पत्र मागतात. तिकीट काढण्यापूर्वी आपल्या कंपनीला विचारा.

बालरोगतज्ज्ञ मात्र सांगतात की पहिला आठवडा तर नकोच, आणि जमलं तर दोन-तीन महिने थांबा. याचं कारण विमानापेक्षा गर्दीत जास्त आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर ते ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायचं प्रकरण असतं, आणि आकाशात ते शक्य नसतं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली सव्वा महिना झाला की सासरी किंवा परदेशी परतायचं ठरवतात. घाई नसेल तर सहाव्या आठवड्याच्या लशी होऊ द्या, त्यानंतर काही दिवस जाऊ द्या आणि मग निघा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर त्याचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घ्यायची परवानगी आहे. म्हणजे ते सुरक्षितच असणार ना?

परवानगी आहे हे खरं. पण ती तिकिटाच्या सोयीसाठी आहे. विमानात कपबशीपासून ट्रॉलीपर्यंत सगळं उतरताना बंदिस्त करतात, बॅगा वर ठेवायला किंवा सीटखाली सरकवायला लावतात, आणि ज्याला आपण सगळ्यात जपतो तो जीव तेवढा हातांच्या भरवशावर राहतो.

हात पुरत नाहीत, आणि याचा आईच्या मायेशी किंवा बाबांच्या ताकदीशी काही संबंध नाही. विमानाच्या आधुनिक खुर्च्या गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट धक्क्याची चाचणी देऊन बसवलेल्या असतात. नऊ किलोचं बाळ तेवढ्या धक्क्यात क्षणभर जवळपास दीडशे किलोंचं होतं. ते कोण धरून ठेवणार?

एवढा मोठा अपघात फार क्वचित होतो. विमान हवेत गचके खातं ते मात्र नेहमीचंच. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर असताना असंच सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. चौकशीच्या सुरुवातीच्या अहवालात एक आकडा आहे: ०.६ सेकंद. तेवढ्या वेळात विमानातल्या माणसांना खाली दाबणारा जोर उलटा फिरला आणि ज्यांनी पट्टे बांधले नव्हते ते वर फेकले गेले. आपल्याकडेही १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेलं विमान उतरताना वादळात सापडून प्रवासी आणि कर्मचारी जखमी झाले होते. अर्ध्या-पाऊण सेकंदात मिठी घट्ट करायचीही सवड मिळत नाही.

हे सांगताना मला जॅन ब्राउन यांची आठवण येते. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला जाणाऱ्या युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या विमानात त्या मुख्य हवाईसेविका होत्या. शेपटाजवळचं इंजिन फुटलं, विमान वळवायची यंत्रणाच निकामी झाली आणि आयोवातल्या सू सिटीला ते कसंबसं धावपट्टीवर आणलं गेलं. त्या विमानात चार मुलं मांडीवर होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे ब्राउन यांनी आईवडिलांना सांगितलं, बाळांना पायाशी जमिनीवर ठेवा. विमान आदळून फुटलं. त्या चारांपैकी एक मूल वाचलं नाही. नंतर त्याची आई ब्राउन यांना जळत्या विमानाशी भेटली. पुढची कित्येक वर्षं ब्राउन एकच मागणी घेऊन फिरल्या: प्रत्येक बाळाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा.

अमेरिकेत तसा नियम आजही नाही. तिथल्या विमान प्रशासनाने २००५ मध्ये सांगितलं की जादा तिकीट सक्तीचं केलं तर कितीतरी कुटुंबं विमान सोडून रस्त्याने जातील आणि रस्त्यावर जास्त जीव जातील. तेच प्रशासन पालकांना मात्र स्पष्ट सांगतं की बाळासाठी विमानातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मान्यताप्राप्त बालआसन, तुमची मांडी नव्हे.

बाळाचा छोटा पट्टा मिळतो म्हणतात. तो पुरतो का?

मिळतो, आणि मागूनच घ्या. आपल्याकडच्या विमानांत आणि युरोपच्या विमानांत क्रू तो देतात. अमेरिकी कंपन्यांमध्ये तो वापरत नाहीत, कारण जोरात आदळलं तर मोठ्या माणसाचं अंग पुढे वाकून बाळावर दाब येतो असं तिथल्या चाचण्यांत दिसलं. म्हणजे पट्टा परिपूर्ण नाही. पण विमान खाली-वर गचके खातं तेव्हा बाळ छताकडे उडू नये, याची सोय तो करतो. बाळ मांडीवर असेल आणि पट्टा उपलब्ध असेल तर तो न बांधायला मला एकही कारण दिसत नाही.

धाकट्याच्या वेळी विमान भरून दारं लागायची वेळ आली तरी आम्हाला पट्टा कुणी दिला नव्हता. मागितला, तर क्रूमधल्या मुलीने तो आणून दिला. मोठ्यांच्या पट्ट्यासारखाच, पण आखूड, आणि मागच्या बाजूला शिवलेलं एक कडं. त्या कड्यातून आपला पट्टा ओवायचा, आपला आधी कंबरेला लावायचा, मग बाळाला पुढे तोंड करून पोटाशी बसवून त्याचा पट्टा त्याच्या पोटाभोवती लावायचा. मी धाकट्याला जाड दुपट्यात गुंडाळलं होतं. ती म्हणाली, “ताई, दुपटं काढा आधी, नाहीतर पट्टा सैल बसेल.” काढलं, आणि चार बोटांची फट एकदम दिसली. मग ओढून घट्ट केला. बोटं जेमतेम सपाट जातील इतका. तो दहा सेकंद रडला आणि बकलशी खेळत बसला.

एक चूक फार जण करतात: आपला मोठा पट्टा बाळासकट दोघांभोवती बांधतात. तसं कधीही करू नका. धक्का बसला की तुमचं सगळं वजन आणि पट्टा यांच्यामध्ये बाळ सापडतं.

बसल्यावर फक्त चढता-उतरताना नाही, बाळ मांडीवर आहे तोवर पट्टा राहू द्या. कायदा तेवढं मागत नाही, पण गचके सांगून येत नाहीत.

बाळासाठी वेगळं तिकीट काढायचं का? गाडीतली सीट विमानात चालते?

ऐपत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासात, तर काढा. मुंबईहून अमेरिकेला पंधरा-सोळा तास लागतात. नुसती मांडी तेवढा वेळ टिकत नाही. सहाव्या तासाला खांदे भरून येतात आणि हात आपोआप सैल पडतात. वेगळ्या सीटवर बाळ स्वतःच्या ओळखीच्या आसनात झोपतं आणि तुम्हाला डोळे मिटता येतात.

गाडीतली प्रत्येक सीट चालत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ती मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित आहे. ते लेबल शोधा, त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. भारतात किंवा युरोपात घेतलेली सीट असेल तर कंपनीला मेल करून लेखी होकार घ्या, कारण विमानतळावर तोंडी वाद घालून काही हाती लागत नाही. सीटची रुंदी मोजा. साधारण ४० सेंटिमीटरपर्यंतची बहुतेक विमानांत बसते. ती खिडकीशी लावायची, म्हणजे आणीबाणीत कुणाची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत आणि तिच्या लगतच्या रांगांत ती चालत नाही.

मूल १० ते २० किलोंच्या मधलं असेल, नीट एकटं बसत असेल, तर केअर्स नावाचा एक पट्टा मिळतो. तो खुर्चीच्या पाठीला अडकवून दोन्ही खांद्यांवरून येतो. वजनाला हलका आणि पर्समध्ये मावणारा. त्याहून लहान बाळाला तो लावू नका.

बाळाला दोन वर्षं प्रवासाच्या मध्येच पुरी होत असतील तर परतीला पूर्ण तिकीट लागतं. हे आधी लक्षात येत नाही आणि काउंटरवर भुर्दंड पडतो.

बेबी कॅरिअरमध्ये बाळ छातीशी बांधलेलं असतं. मग वेगळा पट्टा कशाला?

कॅरिअर विमानतळावर सोन्यासारखा उपयोगी. दोन्ही हात मोकळे, बाळ शांत. पण त्याचं कापड आणि शिवण चालण्यासाठी केलेली आहे, आदळण्याचा जोर सोसण्यासाठी नाही. म्हणून बहुतेक कंपन्या उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी त्यातून बाळाला बाहेर काढायला सांगतात. सांगितलं तर ऐका. साडीच्या किंवा ओढणीच्या झोळीलाही हेच लागू.

समोरच्या भिंतीला लावतात तो पाळणा मिळाला तर प्रश्न मिटला ना?

बराचसा. तो बॅसिनेट लांबच्या विमानांत पहिल्या भिंतीला अडकवतात. संख्या अगदी कमी असते, त्यामुळे तिकीट काढल्याबरोबर फोन करून मागा. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, आणि बाळ बसून कडेवर रेलायला लागलं असेल तर वजनात बसत असूनही ते त्यात ठेवू नका.

उड्डाण आणि उतरताना बाळ त्यात ठेवता येत नाही. मधे पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घेऊन पट्टा बांधायचा. तासाभराच्या प्रयत्नाने झोपलेलं लेकरू उचलायचं जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी उचला.

बाळाला पाठीवर झोपवा. उशी, मऊ खेळणं, जाड गोधडी आत नको. तोंडावर पांघरूण तर नकोच.

पायाशी गोधडी अंथरून बाळाला झोपवलं तर? मोकळी जागा असते ना पहिल्या रांगेत.

नको. रात्रीच्या विमानात हे मी खूपदा बघते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. जमिनीवर पट्टा नाही, ऑक्सिजनचा मास्क तिथवर पोचत नाही, अंधारात कुणाचा पाय पडेल सांगता येत नाही. पायांमधली जागा भरून काढणाऱ्या फुगवायच्या उशा बाजारात मिळतात, त्या पुष्कळ कंपन्या चालू देत नाहीत.

याच्याच जोडीचा दुसरा धोका: बाळ छातीवर पालथं आणि आई गाढ झोपलेली. दमलेल्या आईची मान कलते, बाळाचं नाक कपड्यात दबतं आणि ते कळत नाही. दोघं असाल तर पाळ्या लावा. आपल्या पाळीला एकानं जागंच राहायचं.

कानात दडे बसतात, बाळ किंचाळतं. काय करायचं?

आधी हे का होतं ते बघू. कानाच्या पडद्याआड थोडी हवा असते आणि ती एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. विमान वर जातं तेव्हा आतली जास्तीची हवा सहज बाहेर पडते. उतरताना उलटं होतं: बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि आत हवा शिरायला ती नळी उघडावी लागते. गिळलं की ती उघडते. बाळांची नळी अरुंद आणि जवळपास आडवी असते, म्हणून त्यांना जास्त त्रास. यावरून हेही कळेल की खरा जपायचा वेळ उतरण्याचा आहे. बरेच जण चढताना सगळं दूध पाजून टाकतात आणि उतरताना बाळ पोट भरून तोंड फिरवतं.

विमान जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागतं. इंजिनाचा आवाज बदलतो, क्रू ट्रे गोळा करायला येतात. तेव्हा पाजायला घ्या. बाळ झोपलं असेल तर हलकेच उठवा, कारण झोपेत गिळणं कमी होतं. अंगावर पाजत असाल तर डोकं उंच ठेवा. आडवं धरून बोंडल्याने किंवा चमच्याने तोंडात ओतू नका. गचका बसला की ठसका लागतो. शेवटची तपासणी होईल तेव्हा बाळाला पुन्हा पट्ट्यात घ्या आणि चोखणी किंवा तुमचं स्वच्छ बोट तोंडात द्या. पाजण्यासाठी पट्टा सोडायचा आणि तसंच उतरायचं, हे करू नका. मोठ्या बाळाला घोटघोट पाणी किंवा चोखायला काही मऊ दिलं तरी काम होतं. पाणी अर्थात सहा महिन्यांनंतर.

कानात कापसाचे बोळे घालून दाबाला काही फरक पडत नाही. तेल तर अजिबात घालू नका. रडलं तरी घाबरू नका. रडतानाही ती नळी उघडते.

सर्दी असेल किंवा कान फुटला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवा. नाक मोकळं करायला मिठाच्या पाण्याचे थेंब चालतात. मोठ्यांची सर्दीची औषधं बाळांसाठी नाहीत.

प्रवासात झोपावं म्हणून थोडं जायफळ उगाळून द्यावं का? आजी सांगतात.

आजींचा हेतू मायेचाच असतो. पण नको. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि उगाळलेल्या वळशात किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही. झोप आणणारी सर्दीची सिरपंही देऊ नका: काही बाळं त्याने उलट चेकाळतात, काहींचा श्वास मंदावतो. गुटीत मध असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला तो घरीसुद्धा देऊ नये.

बाळ रडलं तर रडू द्या. विमानातली माणसं दोन तास आवाज सहन करू शकतात. त्यांच्या नजरेपायी बाळाला औषध देऊन झोपवायचं, हे ओझं कोणत्याही आईने घेऊ नये.

ऑक्सिजनचे मास्क खाली आले तर आधी कुणाला?

आधी स्वतःला. प्रत्येक आईचा हात आधी बाळाकडेच जातो, म्हणून घरून निघतानाच हे मनाशी पक्कं करा. पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब गेला तर मोठ्या माणसाची शुद्ध अर्ध्या-एक मिनिटात हरपू लागते. तुम्ही शुद्धीवर असाल तर बाळाला मास्क लावायला काही सेकंद पुरतात. तुम्हीच बेशुद्ध पडलात तर बाळाला कोण लावणार?

बाळासाठी वेगळा मास्क असतो, पण प्रत्येक बाजूच्या रांगेत एखादाच जादा. म्हणूनच एका बाजूच्या तीन खुर्च्यांवर दोन तान्ही बाळं बसवत नाहीत. मैत्रिणीशेजारी बसायचा हट्ट क्रूने मोडला तर त्यामागे हे कारण आहे. जुळी असतील तर दोन मोठी माणसं हवीतच, हेही त्याचमुळे. बसल्याबसल्या बाळाचं लाइफ जॅकेट कुठे आहे तेही विचारून ठेवा.

कोणती सीट घ्यावी?

बाळ ज्याच्याजवळ असेल तो खिडकीशी. वाटेच्या कडेला बसलं की ट्रॉली बाळाच्या कोपराला, पायाच्या बोटांना लागते आणि वरचं कपाट उघडलं की बॅग डोक्यावर.

आणि चहा. विमानात लहान मुलांना होणाऱ्या दुखापतींत गरम पेयाने भाजणं हे नेहमी दिसणारं कारण आहे. थोरली सात महिन्यांची असताना शेजारच्या काकांनी चहा घेतला आणि पुढच्या माणसाने सीट मागे केली. कप आडवा झाला, चहा ट्रेवरून वाहत माझ्या मांडीवर आला. मिनिटभर आधीच मी तिला खिडकीकडच्या हातावर घेतलं होतं. माझ्या सलवारीला तो चटका बसला तेवढाच. त्या दिवसापासून बाळ मांडीवर असताना मी गरम काही घेत नाही, आणि शेजाऱ्यांना नम्रपणे सांगते की कप पलीकडच्या हाताने उचला. आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

विमानातली विरळ हवा बाळाला बाधते का?

निरोगी बाळाला नाही. आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे त्याच्याही वर बसल्यासारखं. रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो आणि बाळ जरा सुस्तावतं. पण अपुऱ्या दिवसांच्या, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या, खूप रक्त कमी असलेल्या बाळांना तेवढाही उतार जड जाऊ शकतो. अशांसाठी डॉक्टर आधी चाचणी करतात आणि गरज असेल तर विमानात ऑक्सिजनची सोय मागता येते. ओठ किंवा जीभ निळसर दिसली, श्वासाला बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर लगेच क्रूला बोलवा.

हवा कोरडीही असते, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा.

दूध, खिमट, गरम पाणी: तपासणीत अडवतात का?

बाळाचं खाणंपिणं १०० मिलिलिटरच्या नियमातून वगळलेलं आहे. प्रवासापुरतं न्या, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि विचारायच्या आत दाखवा. बाटली मशीनमधून गेल्याने दूध बिघडत नाही. काढून ठेवलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, बर्फाच्या पिशव्यांसोबत थंड डब्यात एक दिवस. पावडरचं दूध मात्र आयत्या वेळी कालवा आणि दोन तासांत संपवा. त्यासाठी विमानातल्या नळाचं पाणी नको, बाटलीबंद किंवा घरून उकळलेलं घ्या. क्रूने दिलेलं पाणी कढत असतं, कालवलेलं दूध मनगटावर थेंब टाकून बघितल्याशिवाय देऊ नका.

नाचणीचं सत्त्व, मऊ खिमट, कुस्करलेलं केळं, असं बाळाच्या ओळखीचंच न्या. नव्या पदार्थाची सुरुवात विमानात करू नये; अंगावर पित्त उठलं तर धांदल उडते.

वाळे, करगोटा, काळा दोरा काढायचा का?

चांदीचे वाळे आणि मनगट्या तपासणीत वाजतात, घरीच काढून ठेवल्या तर बरं. गळ्यातला ताईत किंवा दोरा मात्र सुरक्षेसाठी काढा: झोपेत पट्ट्याला, बकलला अडकून फास बसू शकतो. मणी सुटले तर तोंडात जातात. दृष्टीचं तीट लावा हवं तर, त्याने काही बिघडत नाही.

तपासणीत बाळाला बाबागाडीतून काढून कडेवर घेऊन धातुशोधकाच्या चौकटीतून जायचं असतं. ती क्ष-किरणांची नाही, बाळाला अपाय होत नाही.

बाबागाडी कुठपर्यंत नेता येते?

बहुतेक ठिकाणी विमानाच्या दारापर्यंत किंवा शिडीपर्यंत. उतरल्यावर ती तिथेच परत मिळेल असं गृहीत धरू नका, कित्येकदा पट्ट्यावर सामानासोबत येते. तोवर कॅरिअर जवळ असू द्या. सरकत्या जिन्यावर गाडी चढवू नका, लिफ्ट शोधा. बसने विमानापर्यंत जाऊन शिडी चढायची वेळ आली, तेही पावसात, तर बाळ कॅरिअरमध्ये, एक हात कठड्यावर आणि बॅग दुसऱ्याकडे. मागायला लाजू नका.

कागदपत्रं काय लागतात?

देशात जन्मदाखला. परदेशी जायचं तर बाळाचा स्वतःचा पासपोर्ट, तान्ह्या बाळालाही. बाळ परदेशात जन्मलं असेल आणि तिथला पासपोर्ट असेल, तर भारतात यायला त्याचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते). एकटी आई किंवा एकटे बाबा नेत असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवा; काही देशांत विचारतात.

गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात. परदेशी जाणाऱ्या सहा महिन्यांवरच्या बाळाला ती आधी द्यायची का, हे निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. तो आधीचा डोस धरला जात नाही, नेहमीचे डोस पुढे घ्यावेच लागतात.

कधी तिकीट रद्द करावं?

ताप, जुलाब, श्वासाला धाप, कानाचा ताजा संसर्ग, कांजिण्या, गोवर, किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत निघू नका. लग्न, मुंज, गृहप्रवेश पुन्हा फोटोत बघता येतात.

विमानतळापर्यंतचं काय?

हा प्रश्न मला फार थोडे विचारतात, आणि सगळ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची मंडळी पहाटेचं विमान धरायला रात्री अकरा-बाराला निघतात. चालक दिवसभर गाडी चालवून आलेला, घाटात ट्रकच्या रांगा, आणि मागच्या सीटवर आईच्या मांडीत झोपलेलं बाळ. विमानात क्रू निदान पट्ट्याचं विचारतात तरी. टॅक्सीत कुणीच विचारत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचं केलं आहे, नाहीतर एक हजार रुपये दंड. दंडाचं सोडा. जे शास्त्र विमानाला, तेच गाडीला.

विमानात न्यायची बालसीट असेल तर ती घरापासूनच लावा. भाड्याच्या गाडीवाल्याला आदल्या दिवशी सांगा की मागचे पट्टे चालू हवेत, सीटखाली दडपलेले नकोत. तिकडे उतरल्यावर न्यायला येणाऱ्यांनाही सीट घेऊन यायला सांगा. आम्ही गेल्या वेळी निघताना अंगणातच, दिव्याखाली, गाडीचं दार उघडं ठेवून धाकट्याची सीट बसवली. पट्टा ओढून गुडघा दाबून पुन्हा ओढला. चालकदादा बाजूला उभे राहून बघत होते. मग स्वतःहून म्हणाले, “थांबा, पुढची सीट जरा सरकवतो, म्हणजे नीट बसेल.”